भूत शेजारच्या भाषेत बोलतं

आमच्या तिघांत एक वाद जवळजवळ वीस वर्षं चालू आहे आणि तो मिटावा असं मला अजिबात वाटत नाही. वाद असा की ती बाई, म्हणजे ती बंद खोलीतली नाचणारी बाई, कुणी सगळ्यात भारी केली. आम्ही सोलापूरचे. बाळीवेशीतला माझा दोस्त घरात कन्नड बोलतो, तो म्हणतो सौंदर्या. पूर्व भागातला दोस्त तेलुगू, त्याच्या घरी दोन पॉवरलूम होते, तो म्हणतो ज्योतिका आणि त्यापुढं तो कुणाचं ऐकूनच घेत नाही. मी मराठी, मी हिंदीत बघितला, मग मी विद्या बालनच्या बाजूने. पार्क चौकात चहाच्या गाड्यावर उभं राहून आम्ही यावर जेवढं बोललोय तेवढं कुठल्याही परीक्षेसाठी बोललो नसू. "तू ओरिजनल बघितलास का बे?" हा शेवटचा बाण, आणि तो सुटला की तिघंही गप्प, कारण ओरिजनल आमच्यापैकी कुणीच बघितला नव्हता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. १९९३ साली मल्याळममध्ये 'मणिचित्रताळ' आला, फाझिलचा. नावाचा अर्थच नक्षीदार कुलूप. जुना वाडा, कुलूपबंद खोली, नवीन आलेली सून, आणि शेवटी कळतं की भूत वगैरे काही नाही, सूनच आजारी आहे, तिच्याच मनात एक दुसरी बाई जागी झाली आहे. शोभनाला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो २००४ मध्ये कन्नडमध्ये सौंदर्याचा 'आप्तमित्र' झाला, २००५ मध्ये तमिळमध्ये ज्योतिकाचा 'चंद्रमुखी', जो तेलुगूत डब होऊन पण आला, आणि २००७ मध्ये हिंदीत विद्या बालनचा 'भूलभुलैया'. एकच गोष्ट, आणि सोलापूर असं गाव आहे की तिच्या तीन आवृत्त्या एकाच वेळी एका शाळेत, एका बेंचवर येऊन बसू शकतात. पुण्यामुंबईच्या लोकांना हे कितपत कळेल माहीत नाही. आमच्याकडं रिक्षात बसलं तर चालवणारा फोनवर कन्नडमध्ये, शेजारची बाई तेलुगूत पोराला दम देतीय आणि भाडं मराठीत ठरतंय, यात कुणाला काही विशेष वाटत नाही.

आता यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. या सिनेमातलं भूत कधीच घरच्या भाषेत बोलत नाही. मल्याळममध्ये ती नर्तकी तंजावरची, म्हणून तमिळ बोलते. कन्नडमध्ये आणि तमिळमध्ये ती तेलुगू. हिंदीत बंगाली. दरवेळी शेजारची भाषा. ज्याने ज्याने रिमेक केला त्याने घर बदललं, कपडे बदलले, गाणी बदलली, पण हे एक सोडलं नाही, की सून आपली आणि तिच्या तोंडातली भाषा परकी. मला वाटतं याला म्हणतात गोष्ट कळणं.

मी 'आप्तमित्र' बाळीवेशीतल्या दोस्ताच्या घरी सीडीवर बघितला, कन्नड मला अर्धंमुर्धं कळायचं. त्याची आई, तिला मी पण अव्वाच म्हणायचो, ती मात्र बघायला बसली नाही. सौंदर्या १७ एप्रिल २००४ ला विमान अपघातात गेली आणि सिनेमा आला ऑगस्टमध्ये. अव्वा म्हणाली, गेलेल्या पोरीला अंगात आल्यासारखं करताना मी नाही बघणार. ती आत भाकरी थापत बसली, आणि आम्हाला टीव्हीतल्या आवाजाबरोबर तिच्या हाताचा थप थप असा आवाज येत होता, अजून तो सिनेमा आठवला की मला तो आवाज पण आठवतो. पुढं त्याचाच दुसरा भाग आला, 'आप्तरक्षक', फेब्रुवारी २०१० मध्ये, आणि त्याच्या आधीच, ३० डिसेंबर २००९ ला, दोन्ही भागांचे नायक विष्णुवर्धन गेले. दोन भाग, आणि दोन्हीत कुणीतरी असं जे पडद्यावर येईपर्यंत राहिलंच नाही. यात कुणी शाप वगैरे शोधतात, ते मला आवडत नाही, माणसं गेली त्याचं दुःख आहे तेवढं पुरे. पण अव्वा तेव्हा पण आतच बसली.

त्यात ते 'रा रा' गाणं, तेलुगू. मला वाटायचं हा काहीतरी मंत्र आहे. दुसऱ्या दिवशी पूर्व भागात लूमच्या खडखडाटात दोस्ताच्या आईला, अम्माला, विचारलं, रा रा म्हंजे काय. ती हसली, म्हणाली, रा म्हंजे ये. आणि मग माझ्या लक्षात आलं की हे तर मी रोज ऐकतो, जेवायची वेळ झाली की ती दारातून हाक मारायची, इला रा, तिनु. इकडं ये, खा. त्या रात्री मला जास्त भीती वाटली. मंत्र असता तर लांबचं काहीतरी म्हणून सोडून दिलं असतं, पण ज्या शब्दानं मला ताटावर बोलवायचे त्याच शब्दानं ती बाई बोलवत होती.

पण मला या सिनेमानं धरून ठेवलं त्याचं खरं कारण यापेक्षा जुनं आहे आणि ते आमच्या गल्लीतलं आहे.

मी आठवीत असेन. आमच्या गल्लीत एक वहिनी होत्या, लग्न होऊन दोन-तीन वर्षं झालेली, माहेर सीमेपलीकडचं, कर्नाटकातलं. सासरी सगळे मराठी. त्यांच्या अंगात यायचं. संध्याकाळी कधीतरी दार आपटल्याचा आवाज व्हायचा आणि मग बायका धावायच्या, आम्हा पोरांना घरात ढकलायच्या, पण आम्ही गच्चीवरून बघायचो. केस सुटलेले, आवाज जाड झालेला, आणि बोलणं सगळं कन्नडमध्ये. एरवी त्या कन्नड बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. त्यांच्या सासूला ते आवडत नव्हतं, घरात मराठीच बोलायचं असा दंडक होता, हे मला फार नंतर कळलं. गल्लीत मात्र ठरून गेलं की वहिनींना कन्नड भूत लागलंय. लिंबं झाली, अंगारे झाले, कुणीतरी एक बाबा आणला, त्यानं पट्ट्यानं मारलं त्यांना, ते पण आम्ही बघितलं. ते मी विसरू शकत नाही आणि त्याबद्दल जास्त लिहू पण शकत नाही.

एकदा माझा दोस्त माझ्याकडं आला होता आणि त्याला न्यायला अव्वा आलेली, आणि नेमकं तेव्हाच सुरू झालं. कुणीतरी म्हणालं, अहो तुम्हाला कन्नड येतं ना, बघा ओ काय म्हणतंय भूत. अव्वा गेली, उंबऱ्यात बसली, ऐकलं, आणि तिनं काय सांगितलं ते मी गच्चीवरून स्वतःच्या कानानं ऐकलंय. ती म्हणाली, "काय नाही म्हणत. ऊरिगे होगबेकु म्हणतीय. मला गावाला जायचंय म्हणतीय पोरगी."

एवढंच. दोन वर्षं ती एवढंच म्हणत होती.

त्यानंतर मी जेव्हा जेव्हा या गोष्टीची कुठलीही आवृत्ती बघितली, तेव्हा त्या एका प्रसंगाला माझा श्वास अडकतो. सगळ्या रिमेकमध्ये तो आहे. नवरा तिला बाहेर जायला नको म्हणतो, अगदी साधं घरगुती बोलणं चालू आहे, आणि ती विचारते की मी का नाही जायचं, आणि विचारता विचारता तिचा आवाज बदलतो, डोळे बदलतात आणि ती एका हातानं पलंग उचलते. विद्या बालन तिथं चवताळते. ज्योतिकाचे डोळे असे मोठे होतात की दोस्ताची धाकटी बहीण रडायलाच लागली होती. सौंदर्याच्या चेहऱ्यावर रागाच्या आधी एक क्षण अपमान येतो, ते मी दुसऱ्यांदा बघताना टिपलं. आणि शेवटी, कॉलेज संपल्यावर, इंग्रजी सबटायटल्स लावून एकदाचा ओरिजनल बघितला, तर शोभना तो पलंग उचलायच्या आधीच संपवते. आवाज वर चढायच्या आधी तिच्या मानेत काहीतरी होतं, एक ताठपणा येतो, आणि तुम्हाला कळतं की आता बोलणारी ती नाही. त्या रात्री मी दोघांना मेसेज केला की बे, वाद संपला. बाळीवेशीचा म्हणाला, संपला नाही, तू पक्ष बदलला फक्त.

बरोबर आहे त्याचं. जो आपण पहिला बघतो तो आपल्यासाठी ओरिजनल असतो, बाकीच्यांनी कितीही वर्षं दाखवली तरी. तो कुणाबरोबर बघितला, आत काय शिजत होतं, लाईट कधी गेली, हे सगळं त्या सिनेमात शिरून बसतं आणि नंतर येणाऱ्याला ते मिळत नाही. म्हणून रिमेकची तुलना करताना मी हल्ली 'कुठला भारी' यापेक्षा त्यांनी काय ठेवलं आणि काय टाकलं हे बघतो.

आणि म्हणूनच 'भूलभुलैया'चा दुसरा भाग, २०२२ चा, मला लागला. तब्बूनं दोन भूमिका केल्यात आणि ताकदीनं केल्यात, त्याबद्दल वाद नाही. थिएटर भरलेलं होतं, लोक खूश होते, माझ्या शेजारची पोरं शिट्ट्या मारत होती. पण त्यात भूत खरं आहे. पहिला सिनेमा ज्या एका वाक्यावर उभा होता, की अरे ही आजारी आहे, हिला मारू नका, हिचं ऐका, ते वाक्यच काढून घेतलं. सिनेमाचं नाव तेच, भुताचं मंजुलिका हे नाव पण तेच, धून तीच, आणि आत सांगणं उलट. मला गल्लीतल्या वहिनी आठवल्या आणि इंटरवलला मी खाली येऊन उभा राहिलो, बायकोला वाटलं मला बरं नाहीये. सिक्वेलनं काहीही करावं, दहा नवी माणसं आणावीत, वाडा पाडून टॉवर बांधावा, पण पहिल्यानं जे खरं सांगितलं ते खोटं ठरवू नये, एवढं मला फार मनापासून वाटतं.

गंमत म्हणजे याच गोष्टीचे एवढे फाटे फुटलेत की वंशावळ काढावी लागेल. पी. वासू या एकाच दिग्दर्शकानं कन्नड 'आप्तमित्र' केला, तमिळ 'चंद्रमुखी' केला, मग कन्नड सिक्वेल 'आप्तरक्षक' केला, मग त्याचा तेलुगू रिमेक 'नागवल्ली' केला जो तेलुगूवाल्यांना 'चंद्रमुखी'चा पुढचा भाग म्हणून दाखवला, आणि मग २०२३ मध्ये तमिळमध्ये 'चंद्रमुखी २'. म्हणजे एकाचा सिक्वेल हा दुसऱ्याच्या सिक्वेलचा रिमेक. पूर्व भागातल्या दोस्तानं हे मला चहाच्या कागदी कपावर पेननं बाण काढून समजावलं होतं, कप भिजला तोवर तो अर्ध्यावर आला होता.

बाहेरच्या सिनेमात पण हेच वाद आहेत आणि ते मी आवडीनं करतो. 'इव्हिल डेड' १९८१ चा, आणि त्याच सॅम रायमीचा १९८७ चा दुसरा. दुसऱ्याची सुरुवातीची काही मिनिटं पहिलीच गोष्ट थोडक्यात परत सांगतात, तोच हीरो, तसंच जंगलातलं घर, म्हणून लोक अजून भांडतात की हा सिक्वेल आहे की रिमेक. मला विचाराल तर सांगणाऱ्यानं स्वतःचीच गोष्ट परत सांगितली, यावेळी मोकळ्या हातानं. २०१३ च्या रिमेकमध्ये घर तेच पण हसू गेलं, नुसतं रक्त, ते पण मला चाललं. आणि २०२३ मध्ये 'इव्हिल डेड राईज'नं जंगल सोडून लॉस एंजलिसच्या अपार्टमेंटमध्ये आणलं, आईच्या अंगात भूत आणि दाराच्या आत तिचीच पोरं. जुन्या लोकांनी नाकं मुरडली की घर गेलं, मजा गेली. मला उलट वाटतं. जंगलातल्या घरात आपण कशाला मरायला जातोय, पण लिफ्ट आणि जिना रोजचा आहे.

जागा बदलून गोष्ट कशी रुजते त्याचं आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे विशाल फुरियाचा 'लपाछपी', २०१७. त्यानंच २०२१ मध्ये तो हिंदीत 'छोरी' म्हणून केला. हिंदी जास्त चकाचक आहे, आवाज, प्रकाश, सगळं. पण मला मराठीच धरून राहतो, आणि त्यात पूजा सावंत, उषा नाईक यांच्याइतकाच वाटा त्या उसाचा आहे. ज्यांनी ऊस नुसता रसवंतीत बघितलाय त्यांना सांगतो. माझ्या मामाचं शेत मोहोळकडं. दिवाळीत तिकडं गेलो की ऊस डोक्याच्या वर चार हात गेलेला असायचा. एकदा बॉल आत गेला म्हणून मी शिरलो. पाच-सहा सऱ्या ओलांडल्या की बाहेरचा आवाज बंद होतो, एकदम, दार लावल्यासारखा. वर बघितलं तर आभाळाची चिंधी. खाली पाचट, पाय टाकला की कुरकुर, आणि तुम्ही थांबलात तरी कुरकुर थांबत नाही, कारण वारा सुटलेला असतो आणि सगळा ऊस एकदम हलतो, पण तुम्हाला वाटतं आपल्यामागून कुणीतरी येतंय आणि आपण थांबलो की क्षणभर उशिरा थांबतंय. पानाची धार हाताला, गालाला बारीक कापत जाते, ते तेव्हा कळत नाही, संध्याकाळी अंघोळीला कळतं. बॉल सापडला नाही. मामानं बांधावरून हाक मारली तर ती चारी बाजूंनी आल्यासारखी वाटली आणि मी उलट्या दिशेला चालत सुटलो. पोटुशी बाई अशा उसाच्या मधोमध असलेल्या घरात आहे, हे वाक्य ऐकूनच आमच्याकडच्या माणसाचं निम्मं काम होतं. हिंदीत पण ऊस आहे, पण कॅमेरा वरून फिरून त्याचा नकाशा दाखवतो तेव्हा तो मला चक्रव्यूह वाटतो, आमचा फड वाटत नाही.

आता प्रीक्वेल, म्हणजे नंतर येऊन आधीची गोष्ट सांगणारा सिनेमा. इथं मी सगळ्यात जास्त भांडतो, आणि त्याला कारण आमचे आजोबा.

आजोबा मिलमध्ये होते. दुसरी पाळी सुटली की मध्यरात्री चालत घरी यायचे, भोंगा झाला की आजी चुलीवर पाणी ठेवायची. त्यांची एक गोष्ट होती, आयुष्यात ही एकच सांगितली त्यांनी. एका रात्री बरोबरचे पुढं गेले, हे एकटे मागं राहिले. चिंचेची दोन झाडं होती तिथं मागून आवाज आला, "चुना आहे का?" आजोबांनी मागं वळून बघितलं नाही. चालता चालताच बंडीच्या खिशातून डबी काढली, हात तसाच मागं केला. डबी हातातून गेली. दहा-बारा पावलं झाली, आणि डबी परत हातात आली. ते घरी आले, आजीच्या समोर डबी उघडली, तर चुना सकाळी लिंपून भरला होता तसाच गुळगुळीत. बोट लावल्याची खूणसुद्धा नाही.

बास. एवढीच गोष्ट. आम्ही विचारायचो, कोण होता आजोबा तो? ते म्हणायचे, "मी बघितलंच नाही तर सांगू काय?"

आजोबा गेल्यावर एका उन्हाळ्यात गच्चीवर सगळी भावंडं झोपलो होतो आणि काकांनी ती गोष्ट सांगितली, पण पुढं नेली. म्हणजे मागं नेली. म्हणाले, तो एक कामगार होता, त्याचा मशीनवर अपघात झाला, पाळी सुटायच्या आधी त्यानं तंबाखू मळायला घेतली होती आणि चुना नव्हता, म्हणून तो अजून मागतो. काका सांगायला पटाईत, आम्हा पोरांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि त्या रात्रीपासून मला त्या चिंचेखालून जायची भीती वाटायची बंद झाली. वाईट वाटायचं फक्त. मोठा होईपर्यंत मला कळलं नाही की माझं काहीतरी गेलं, आणि काकांनी ते प्रेमानंच नेलं.

म्हणून 'द थिंग'. जॉन कार्पेंटरचा १९८२ चा, तो स्वतःच एका जुन्या कथेवरचा दुसरा सिनेमा, पहिला १९५१ चा. अंटार्क्टिकात अमेरिकन लोक जळून गेलेल्या नॉर्वेजियन तळावर जातात आणि तिथं एका दारात कुऱ्हाड रुतलेली दिसते. कुणी सांगत नाही ती का रुतली. कॅमेरा पुढं जातो. ती कुऱ्हाड माझ्या डोक्यात कित्येक वर्षं रुतून होती. २०११ मध्ये प्रीक्वेल आला, नाव पण तेच 'द थिंग', आणि त्यात ती कुऱ्हाड कुणी कशासाठी मारली ते नीट दाखवलं. मेहनत केलीय बनवणाऱ्यांनी, एकेक खूण जुळवलीय, शेवट तर सरळ १९८२ च्या पहिल्या प्रसंगाला जाऊन चिकटतो, कुत्रा पळतोय आणि वर हेलिकॉप्टर. त्यांनी खरेखुरे यांत्रिक पुतळे बनवले होते आणि नंतर बहुतेक ठिकाणी त्यावर कॉम्प्युटरची चित्रं चढवली, त्याबद्दल फॅन लोक अजून हळहळतात. माझी हळहळ वेगळी आहे. दार आता नुसतं दार राहिलं.

'रिंगू'चं पण तसंच. १९९८ च्या जपानी सिनेमात सदाको, ते टीव्हीतून बाहेर येणारं विहिरीतलं भूत, म्हणजे केसांच्या मागचा एक डोळा. २००० मध्ये प्रीक्वेल आला, 'रिंगू ०', त्यात ती नाटक कंपनीतली लाजरी मुलगी, कुणावर तरी प्रेम करणारी. चांगला सिनेमा आहे तो, मी रडलो. पण नंतर टीव्हीसमोर एकटा बसलो तर बसू शकलो. २००२ चा अमेरिकन रिमेक मला म्हणूनच जास्त मानवतो. त्यांनी देश बदलला, विहिरीतल्या पोरीचं नाव बदललं, पण तिचे तोंडावर आलेले केस तसेच ठेवले.

मग 'रात्रीस खेळ चाले २' का चालला, हे मला बाळीवेशीचा दरवेळी ऐकवतो, आणि बरोबर ऐकवतो. २०१६ च्या पहिल्या मालिकेत अण्णा नाईक सुरुवातीलाच मेलेले. २०१९ मध्ये दुसरी आली ती सगळी मागची, अण्णा जिवंत, शेवंता, माई, तो वाडा. महाराष्ट्रात घराघरात साडेदहाला टीव्ही लागायचे, आमच्या बिल्डिंगमध्ये जिन्यात सुद्धा ते टायटल साँग ऐकू यायचं. अख्ख्या सोलापुरात मालवणी कुणाला येत नव्हतं, तरी सगळे अण्णांसारखं बोलायचा प्रयत्न करायचे. मी यावर खूप विचार केला. मला वाटतं त्यांनी भुताचं कारण सांगायच्या भानगडीत पडण्यापेक्षा माणूस दाखवला, आणि माणूस भुतापेक्षा जास्त भीतीदायक निघाला. जेवढं अण्णांबद्दल कळत गेलं तेवढी भीती वाढली. काकांच्या गोष्टीत कळल्यावर दया आली होती, इथं कळल्यावर दार लावून घ्यावंसं वाटलं. म्हणजे प्रीक्वेलला बंदी नाही. पण ज्याला भूत आणि माणूस यातलं जास्त काळं कोण हे माहीत आहे त्यानंच त्या वाटेला जावं.

वहिनींचं राहिलं. त्यांचा भाऊ आला एक दिवस आणि घेऊन गेला माहेरी. तिकडं डॉक्टरांना दाखवलं म्हणतात, औषधं चालू होती. चार-पाच महिन्यांनी परत आल्या, नवऱ्यानं वेगळी खोली घेतली विजापूर रोडला. नंतर एकदा गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर दिसल्या, कडेवर पोरगं, आणि त्याला पाळण्याकडं बोट दाखवून कन्नडमध्ये काहीतरी सांगत होत्या, मोठ्यानं, सगळ्यांसमोर. मी अव्वाला ते येऊन सांगितलं. तिनं नुसतं हूं केलं आणि परत शेंगा कुटायला लागली.

मागच्या महिन्यात पुतणी आली होती, सहावीत आहे, जुळे सोलापूरला अपार्टमेंटमध्ये राहतात ते. लाईट गेली म्हणून मी तिला आजोबांची गोष्ट सांगितली, जशी त्यांनी सांगितली तशीच, काकांचा भाग गाळून. चुना म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागली. ती शेवटी म्हणाली, "कोण होता तो?" मी म्हणालो, आजोबांनी बघितलंच नाही.

परवा तिकडं गेलो तर पार्किंगमध्ये पोरांचा घोळका बसलेला आणि ही मधे. मी खांबाच्या अलीकडं थांबून ऐकलं. एक मुलगी क्लासवरून येते, लाईट गेलेली, लिफ्ट बंद. ती जिना चढत असते आणि तिसऱ्या मजल्यावर मागून आवाज येतो, "दीदी, टॉर्च लावता का?" ती मागं न बघता मोबाईल मागं धरते. मोबाईल हातातून जातो. पायऱ्या मोजत ती पाचव्या मजल्यावर येते, मोबाईल परत हातात येतो, घरी जाऊन बघते तर टॉर्च लावलेलीच नाही.

"मग होतं कोण?" एका पोरानं विचारलं.

"तिनं बघितलंच नाही," पुतणी म्हणाली.